अवरेकाईच्या दिवसांतला ग्रामोफोन

डिसेंबर लागला की आमच्या राजाजीनगरच्या बाजारात अवरेकाईचे हिरवे ढीग दिसायला लागतात. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच. पण इथल्या शेंगेवर थंडीत एक तेलकट, उग्र वास चढतो. इथली माणसं त्याला ‘सोगडु’ म्हणतात. शेंग हातात घेतली की आधी नाकाशी न्यायची आणि मग भाव विचारायचा, अशी इथली रीत आहे. परवा मीही एक शेंग नाकाशी नेली आणि भाव विचारायचा सोडून तिथंच उभी राहून भूप गुणगुणायला लागले. भाजीवाली शेजारणीला म्हणाली, “अज्जी गाते बघ.” दोघी हसल्या. मलाही हसू आलं, कारण सकाळचे नऊ वाजले होते आणि भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग.

पण माझ्या नाकाला प्रहर कळत नाही. त्याच्या लेखी अवरेकाईचा वास आणि भूपाचा गंधार ही एकच गोष्ट आहे. ती गाठ कशी बसली, ते सांगायचं तर साठ-एक वर्षं मागं जावं लागतं.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस लग्न होऊन मी मिरजेहून बेंगळुरात आले. हे इथल्या सरकारी विमान कारखान्यात इंजिनियर होते. राजाजीनगर तेव्हा नवं होतं. निम्मी घरं बांधून झालेली, निम्म्या प्लॉटांवर नुसते दगड रचलेले. पहाटे धुकं उतरलं की ते दगडही दिसायचे नाहीत, नुसता कारखान्याच्या बसचा हॉर्न ऐकू यायचा. आम्ही एका वठारात राहत होतो. वठार म्हणजे एकाच आवारात ओळीनं बांधलेली भाड्याची घरं. आमच्या भिंतीला भिंत लागून अक्कांचं घर.

अक्का आणि त्यांचे यजमान अण्णा हे मराठीच, पण कित्येक पिढ्या इकडंच राहिलेले. त्यांची मराठी ऐकून मला पहिल्या आठवड्यात हसू आवरायचं नाही. “स्वल्प बसून जा की,” असं त्या म्हणायच्या. माझ्या मराठीला त्यांनी ‘पुस्तकातली’ म्हणून टाकलं होतं. अण्णा येलहंक्याच्या रेल्वे स्टेशनात कामाला होते. पहाटे सायकल काढायचे, दिवेलागणीला परत यायचे. वाटेत दिसले तर मान खाली घालून बाजूला व्हायचे. वर्षभरात त्यांचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता.

माहेराहून येताना माझ्या ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये रेकॉर्डी होत्या. बाबांना गाण्याचं वेड. स्वतः गात नसत, पण ऐकायला तालुका ओलांडून जात. त्यांनी मुलीला सोनं थोडं आणि रेकॉर्डी बऱ्याच दिल्या. मशीन मात्र दिलं नाही. “मशीन जावईबापू घेतील,” म्हणाले. जावईबापूंना आधी सायकल घ्यायची होती, मग पलंग, मग स्टोव्ह. त्यामुळं माझ्या रेकॉर्डी ट्रंकेत मुक्या पडून होत्या. मी अधूनमधून त्या बाहेर काढायची, मऊ फडक्यानं पुसायची आणि खिडकीशी धरून त्यांच्या बारीक रेघा उन्हात बघायची. त्या रेघांत कुठं समेवर यायचं ते मला पाठ होतं, पण ऐकू येत नव्हतं.

आणि मग त्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी मला अंथरुणाला खिळवलं.

आदल्या वर्षी मला दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सक्त ताकीद दिली. उठायचं नाही, वाकायचं नाही, जिना नाही, प्रवास तर नाहीच. म्हणजे मिरजेला जाणं रद्द. आई शेवटच्या महिन्यात येणार होती. सासरे आजारी असल्यामुळं सासूबाईंना सांगली सोडता येत नव्हती. हे सकाळी सात वाजता बसनं जायचे. मग मी, वरचे कौलांचे वासे, आणि पोटातली ती भीती. दिवसभर आम्ही एकमेकांकडं बघत पडून असायचो. काही हललं तरी भीती वाटायची, काही हललं नाही तर जास्त.

असे काही दिवस गेल्यावर एका सकाळी अक्का दारात उभ्या राहिल्या. एका हातात शेंगांनी भरलेली टोपली, दुसऱ्या हातात काळी चामडी पेटी.

“हे काय अक्का?”

“शेंगा,” अक्का म्हणाल्या. “मला एकटीला सोलायला कंटाळा येतो. तू पडल्या पडल्या सोल. हातांना कुणी पडून राहा म्हणालं नाही.”

“आणि ती पेटी?”

“ह्यांचा ग्रामोफोन. तुझ्या ट्रंकेत गाणी आहेत, आमच्याकडं मशीन आहे. दोन्ही एका खोलीत असू दे की.”

“अण्णांना चालेल?”

“सरी म्हणाले.”

अण्णांचं हे ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, मी त्या वेळी फारसं मनावर घेतलं नाही.

ती चावीची पेटी माझ्या उशाजवळच्या स्टुलावर बसली. अक्कांनी चावी दिली, नवी सुई लावली आणि माझ्या ट्रंकेतली सगळ्यात वरची रेकॉर्ड ठेवली. ती भूपाची होती. एका जुन्या गायिकेची. आधी पावसासारखी खरखर झाली आणि मग तो आवाज आला, थोडा नाकातून, पण तारेसारखा सरळ. दोन वर्षांनी ऐकत होते. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

अक्कांनी मान तिरकी करून ऐकलं. बाजू संपली तशा म्हणाल्या, “हा आमचा मोहनम्.”

“नाही अक्का, हा भूप.”

“नाव काही ठेव. आमच्या घरचंच पोर आहे. तुमच्याकडं जाऊन जरा सुस्त झालंय.”

तिथून आमचं भांडण सुरू झालं, आणि ते सगळा हिवाळा चाललं. रोज सकाळी कामं आटोपून अक्का यायच्या. एक बाजू माझी, एक बाजू त्यांची, असा करार होता. त्यांच्याकडं कर्नाटक संगीताच्या रेकॉर्डी होत्या: वीणा, नागस्वर, कीर्तनं. मला पहिल्यांदा ते सगळं घाईचं वाटायचं. मृदंग वाजवणारा बस चुकेल म्हणून पळतोय, असं मी म्हणाले. अक्का म्हणाल्या, “तुमचा गवई अजून पायात चपला शोधतोय. आमचा पोचून, कॉफी पिऊन परतसुद्धा आला.”

आम्ही हसायचो. पण मला जोरात हसायचीही मनाई होती, म्हणून मी पोटावर हात ठेवून जपून हसायची, आणि ते बघून अक्का आणखी हसायच्या.

एकच रेकॉर्ड किती वेळा ऐकावी? लोक विचारतात मला, आता घरात सगळं गाणं बोटाच्या टोकावर आलंय तरी तू तेच तेच का लावतेस. मैफलीतलं गाणं सणाच्या जेवणासारखं असतं. वाढणारा आग्रह करतो, आपण पोट फुगेस्तोवर जेवतो, आणि आठवण राहते ती थाटाची. रोज ऐकायची रेकॉर्ड वेगळी. तिच्यात गायकाला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळालेली. मैफलीत जो तासभर राग मांडेल, तो इथं गाठोडं बांधून आणतो. नेमकं काय आणायचं आणि काय घरी ठेवायचं, हे त्यानं ठरवलेलं असतं. पहिल्यांदा ऐकताना आपल्याला नुसती तान दिसते. विसाव्यांदा ऐकताना तानेच्या आधी घेतलेला श्वास ऐकू येतो. आणखी ऐकत राहिलं की तबलजी एका ठिकाणी किंचित मागं राहतो आणि मग लगबगीनं येऊन मिळतो, तेही कळतं. पुढं पुढं तर आपण तानेपेक्षा त्या तबलजीचीच वाट बघतो. पोचला की बरं वाटतं.

सगळीच उत्तम गाणी अशी रोज ऐकवत नाहीत. माझ्याकडं एक दरबारी होता, मोठ्या गवयाचा. तो लावला की खोलीतलं सामान हलवून जागा करावी असं वाटायचं. शेंगा सोलताना दरबारी चालत नाही. जौनपुरी चालायची, बागेश्री चालायची, अक्कांची वीणा तर फार छान चालायची. तारेवरचा हात जिथं थांबतो तिथंच शेंग फुटायची. आणि भूप कधीही. पाच सुरांचा राग, लपवाछपवी काही नाही. ज्या दिवशी मनात फार भीती असायची त्या दिवशी मी भूपच मागायची.

यांना गाण्यातलं काही कळायचं नाही. संध्याकाळी येऊन बूट काढता काढता ऐकायचे आणि गाणारी जरा थांबली की विचारायचे, “संपलं का?” पण रोज रात्री सुया वेगळ्या काढून, पेटी पुसून, स्प्रिंगला तेलाचा थेंब देऊन ठेवायचे. त्यांना मशीन आवडायचं. त्यातून काय निघतं त्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

जानेवारीत एका दुपारी मला कळ आली.

अक्का समोरच बसल्या होत्या. भिजवलेल्या अवरेकाईचे दाणे चिमटीत दाबून साल काढायचं काम चाललं होतं. दाणा टुपकन बाहेर उडतो. भूप नुकताच लावला होता. पहिली कळ मी गिळली. दुसरी आली तेव्हा माझा चेहरा बघून अक्कांनी परात बाजूला सारली.

“कुठं दुखतं?”

मी दाखवलं.

“हलू नकोस. स्वल्पसुद्धा हलू नकोस. मी डॉक्टरणीला घेऊन येते.”

वठारात फोन नव्हता. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पलीकडच्या रस्त्यावर होता. अक्का होत्या तशा, ओल्या हातांनी, चपला न घालता गेल्या. त्यांच्या पावलांचा आवाज आवारातून गेला आणि मी एकटी राहिले.

गाणं चालू होतं. अंतरा झाला, शेवटची तान झाली, समेवर आली आणि रेकॉर्ड संपली. पण सुई उचलायला कुणी नव्हतं. ती शेवटच्या रेघेत अडकून फिरत राहिली. खर्र, खर्र, खर्र. स्टूल माझ्या डोक्यापासून हातभर लांब होतं, पण तिथवर पोचायचं तर कोपरावर उठून वळावं लागलं असतं. बाबांची शिस्त हाडात मुरलेली: सुई संपलेल्या रेकॉर्डवर फिरू द्यायची नाही, रेकॉर्ड खराब होते. माझा हात आपोआप उठला. मग मी तो परत खाली ठेवला. फिरू दे म्हटलं. खराब झाली तर होऊ दे.

चावी हळूहळू उतरत गेली. खरखर जड होत गेली, लांबत गेली आणि थांबली. मग इतकी शांतता झाली की मला माझीच धडधड ऐकू यायला लागली, आणि तिच्यामागून तिसरी कळ येते की काय याची मी वाट बघायला लागले. ती वाट बघणं कळेपेक्षा वाईट होतं. सगळं अंग ताठ झालं होतं. आदल्या वर्षीची दुपार अशीच होती.

मी डोळे मिटले आणि भूप पहिल्यापासून सुरू केला. आवाज काढून नाही, ओठ मिटून. आधीची खरखरसुद्धा घेतली. मग तो पहिला षड्ज. जिथं ती श्वास घेते तिथं मी घेतला. जिथं तबलजी मागं राहतो तिथं त्याच्यासाठी थांबले, तो आला, पुढं गेलो. गाणारणीला घाई नव्हती, म्हणून मलाही करता येईना. अंतऱ्यापर्यंत पोचले तेव्हा माझ्या मुठी सैल झाल्याचं माझ्या लक्षात आलं. संपल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून धरला. किती वेळा तसा म्हटला कोण जाणे. तिसरी कळ आली नाही. मधेच पोटात आतून काहीतरी हललं, मासळीनं शेपूट मारावी तसं. त्या वेळी मला त्याची भीती वाटली नाही.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी गुणगुणतच होते. त्यांनी तपासलं, नाडी धरली, कन्नडमध्ये बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. मी अक्कांकडं बघितलं.

“बरं आहे म्हणतात,” अक्का म्हणाल्या.

“एवढंच? त्या तर कितीतरी बोलल्या.”

“बाकीचं मला रागावल्या. अनवाणी पळत आले म्हणून.”

मग अक्का खाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि एकाएकी त्यांना रडू आलं. मी त्यांचा हात धरला. त्याला अवरेकाईचा वास येत होता.

संध्याकाळी यांना सगळं कळलं. रविवारी हे खिळे, दोरी आणि कारखान्यातून मागून आणलेली एक छोटी कप्पी घेऊन बसले. दोरीचं एक टोक ग्रामोफोनच्या हाताला, मधे भिंतीवर कप्पी, आणि दुसरं टोक माझ्या उशाशी. पडल्या पडल्या दोरी ओढली की सुई उचलली जाणार. पहिल्या खेपेला मी ओढली तर अख्खा हात उडून भलत्याच ठिकाणी आपटला आणि अक्कांच्या नागस्वराला कायमची उचकी लागली. अक्का म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला विमानं बनवू दे. गाण्यात हात घालू देऊ नकोस.” यांनी दोरीला वजन बांधून ती सुधारली. मग ती उत्तम चालली. वठारातली माणसं ती बघायला यायची.

भूपाची रेकॉर्ड खराब झाली नव्हती. शेवटची रेघ तेवढी खरवडली होती, आणि तिथं गाणं नसतंच.

उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपास मुलगी झाली. सुखरूप. आई मिरजेहून आली होती, तिनं आणि अक्कांनी मिळून बाळंतपण केलं. डिंकाचे लाडू की इथलं मिऱ्याचं सारू यावर दोघींचं एकदाच वाजलं, मग दोन्ही मला मिळालं. अक्कांच्या मते मुलीचं नाव एखाद्या रागाचं असायला हवं होतं. पण सासूबाईंनी सांगलीहून आधीच वसुधा ठरवून टाकलं होतं.

पोटात असताना रोज सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडचं शास्त्रीय संगीत ऐकलेली ही मुलगी. लोक काय काय सांगतात गर्भावरच्या संस्कारांबद्दल. आमच्या वसुधाला सूर लागत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. ती बापावर गेली. यंत्रांच्या मागं लागली, शिकली, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्तही झाली. मी गाणं लावलं की अजून विचारते, “संपलं का?” तिचा तो प्रश्न ऐकला की मला इतकं बरं वाटतं, की मी मुद्दाम बाजू उलटून लावते.

सव्वा महिना झाल्यावर मी पहिल्यांदा घराबाहेर पाऊल टाकलं, ते अक्कांच्या घरात. इतके महिने त्या येत होत्या. मी त्यांचा उंबरा ओलांडून युग लोटलं होतं. बाहेरच्या खोलीत अण्णांची आरामखुर्ची होती. तिच्या हाताशी एक तिपाई, तिच्यावर विणलेला रुमाल, आणि रुमालावर काही नव्हतं. पेटीची जागा ती. संध्याकाळी दमून येणारा माणूस अख्खा हिवाळा त्या रिकाम्या तिपाईशेजारी बसला होता.

तेवढ्यात अण्णा आलेच. बाळाला लांबूनच बघितलं, हसले.

“अण्णा, तुमचं मशीन उद्या पाठवते,” मी म्हणाले. “फार दिवस राहिलं आमच्याकडं.”

“राहू दे की,” अण्णा म्हणाले.

“पण तुम्ही...”

“अगं, ह्यांना काय कमी पडलंय,” अक्का आतून म्हणाल्या. “रोज संध्याकाळी खुर्ची उचलतात आणि मागच्या अंगणात तुझ्या खिडकीखाली नेऊन टाकतात. थंडीत तर धुक्यात मफलर गुंडाळून बसायचे. मी म्हणते, आत जाऊन ऐका. तर म्हणतात, ती पडलेली असते, बरं दिसत नाही.”

अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघायला लागले. मग तिकडंच बघत म्हणाले, “एक ते वाद्य आहे. हल्ली ऐकू येत नाही.”

“कुठलं वाद्य, अण्णा?”

“माणसासारखं आहे. रडेल रडेल असं वाटतं. रडत नाही.”

मग लक्षात आलं. सारंगी. माझ्या ट्रंकेच्या तळाशी सारंगीची एक रेकॉर्ड होती. अक्कांना ती आवडायची नाही, म्हणून त्या स्वयंपाकाला घरी गेल्या की दिवेलागणीला हे ती लावून द्यायचे आणि मी एकटीच ऐकायची. एकटीच ऐकते, असं मला वाटायचं. बाळ झाल्यापासून त्या वेळेला ते झोपायचं, म्हणून लावणं बंद झालं होतं.

“त्या वेळी बाळ झोपतं,” मी म्हणाले.

“मग झोपू दे, झोपू दे,” अण्णा घाईघाईनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी स्टूल ओढून खिडकीशी नेलं आणि पेटीचं तोंड बाहेर केलं. चावी दिली, नवी सुई लावली. खाली अंगणात खुर्ची ठेवल्याचा आवाज झाला. मी वाकून बघितलं नाही. सारंगी सुरू झाली आणि वसुधा जागी होऊन रडायला लागली. मी तिला खांद्यावर घेतलं, थोपटत येरझारा घालत राहिले, आणि रेकॉर्ड पुरी वाजू दिली. मग उलटून दुसरी बाजू लावली.